मानाची फेरी

आमच्या रामवाडीच्या घरात पडवीला एक गाडी होती, पण ती कुठे जायच्या कामाची नव्हती. भाजी आणायला नाही, एसटी स्टँडवर सोडायला नाही, पावसात तर नाहीच नाही. लोखंडी पायपांचा सांगाडा, मधे मोठ्या बादलीएवढी बसायची जागा, उजव्या कुशीला इंजिन आणि खाली जमिनीपासून जेमतेम दोन बोटांचं अंतर. शेजारीण विचारायची, "ह्या काय गो, पोरांची गाडी?" आमच्या घरात पोर नव्हतं. मी नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली आणि थोरला भाऊ बिनलग्नाचा. दोघं म्हातारपणाला लागलेली माणसं, आणि तिसरी ती गाडी, गो-कार्ट. दादाचा चुकून कार्टला पाय लागला तर तो वाकून नमस्कार करायचा. मला पाय लागला तर म्हणायचा, "बघून चाल."

दादा तरुणपणी मुंबईत एका गॅरेजात होता. तिथल्या एका पैसेवाल्या शेठला शर्यतींचा नाद. विलायतेहून मागवलेली शर्यतीची कार्ट होती त्याची, तीच ही. इंजिन खोलायचं, जोडायचं, सूर लावायचा, शर्यतीआधी चार चकरा मारून तापवून द्यायचं, हे सगळं दादाने करायचं. मग शेठ हातमोजे घालून बसायचा आणि घड्याळ सुरू व्हायचं. फळ्यावर वेळ लागायची ती शेठच्या नावापुढे. पुढे शेठ परदेशी गेला तो कायमचाच, आणि जाताना कार्ट दादाला देऊन गेला. दादा ती टेम्पोत घालून पेणला घेऊन आला, रोह्याच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत शिफ्ट करत राहिला. कार्ट दर दसऱ्याला पुसली जायची, झेंडूची माळ घातली जायची, आणि पुन्हा गोणपाटाखाली.

"शेठपेक्षा मी जोरात मारायचो," असं तो मला किती वेळा म्हणाला असेल देव जाणे. मी म्हणायची, "कशावरून?" तापवायच्या चकरांना कोणी घड्याळ लावत नाही. दादा काही गरीब गाय नव्हता. फुशारक्या मारणारा, तिरसट, हट्टी माणूस होता. पण ह्या एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्याला आयुष्यभर सलत राहिलं. मला ते फार उशिरा कळलं.

तर ऑटोक्रॉस. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या औषधाचं वाटलं होतं. पेण आणि रोह्याकडच्या काही हौशी मंडळींनी एक मंडळ काढलं होतं. दोन-तीन गॅरेजवाले, एक दातांचा डॉक्टर, मिठाचे ट्रक असलेला एक जण, कंपन्यांतली काही माणसं. संक्रांत झाली की एका रविवारी रोह्याजवळच्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या आवारात ही मंडळी जमायची. तिथे ट्रक उभे करायचं मोठं सिमेंटचं मैदान होतं. त्यावर वाहतूक पोलीस ठेवतात तसे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून वेडीवाकडी वाट आखायची, आणि एका वेळी एकाच गाडीने त्या वाटेने जाऊन यायचं. शर्यत दुसऱ्या गाडीशी नाही, घड्याळाशी. शंकूला धक्का लागला की वेळेत दंड वाढवायचा. छोट्या गाड्यांचा वर्ग वेगळा, मोठ्यांचा वेगळा, जीपगाड्यांचा वेगळा, म्हणजे मारुतीने जीपशी भांडायला नको. ज्याने त्याने आपल्या जातीत भांडायचं. आपल्या लोकांना ही कल्पना पटकन पटली ह्यात नवल नाही.

मंडळाच्या अध्यक्षांचा पेणला गणपतीचा कारखाना होता. माणूस मनाने चांगला, दिलदार, आणि आपण चांगले आहोत हे त्याला स्वतःला पुरेपूर माहीत. पहिल्या वर्षी शंकू कुठून आणायचे असा प्रश्न आला तेव्हा हे म्हणाले, आणायचे कशाला, आपण पाडू. पेणचा माणूस दुसरं काय म्हणणार? एक प्लास्टिकचा शंकू मागून आणला, त्याचा साचा केला आणि कारखान्यात प्लास्टरचे शंकू ओतले. पितांबराला लावतात तोच केशरी रंग दिला, वर सोनेरी काठसुद्धा ओढला. मैदानावर मांडले तेव्हा असे देखणे दिसत होते की त्यांना धक्का लावायचा कोणाचा जीव होऊ नये.

पण धक्के लागले. मोटारीचं चाक बसलं की शंकूचा भुगा व्हायचा. मोटारींना त्याचं काही नाही, भुग्यावरून निघून जायच्या. पहिल्या वर्षी वर्गांचं फारसं बंधन नव्हतं, आला त्याला जाऊ दे असा कारभार होता. म्हणून दुपारी दादा कार्ट घेऊन रांगेत उभा राहिला. ती कार्ट जुन्या पद्धतीची. किल्ली नाही, क्लच नाही, गिअर नाही. मागून दोघांनी धावत ढकलायची, इंजिन सुरू झालं की सुटायची, आणि थांबली की इंजिनही बंद. दादा सुटला. मी कुंपणाशी छत्री घेऊन उभी होते. माझा भाऊ साठीच्या पुढचा, आणि तो त्या शंकूंमधून असा वळत होता की माझ्या तोंडून "अगो बाय" निघून गेलं.

तिसऱ्या की चौथ्या वळणाला प्लास्टरचे तुकडे पडले होते. मोटारीच्या खालून जे तुकडे निघून जायचे ते दोन बोटांच्या कार्टखालून कसे जाणार? एक ढेकूळ साखळीत गेलं. साखळी अडकली, मागची चाकं जाम झाली, आणि कार्ट भुग्यावरून गरगर फिरून शंकूंच्या एका रांगेत घुसली. दादा उठला तो नखशिखांत पांढरा. लोक आधी घाबरले आणि मग हसले. तो चिडून सगळ्यांना सांगत होता, "माझी चूक नाय, तुमचा कचरा हाय हा!" त्याची फेरी पुरी झाली नाही, म्हणून वेळ लागली नाही.

मंडळाने पुढच्या वर्षीपासून प्लास्टिकचे शंकू आणले. म्हणजे चूक कशाची होती ते सगळ्यांना कळलं होतं. पण अध्यक्षांच्या कारखान्याच्या शंकूंनी घोटाळा केला असं तोंडाने म्हणायचं कोणी? त्यापेक्षा जुन्या कार्ट धोक्याच्या असतात हे म्हणणं सोपं होतं. नियम झाला. कार्ट चालतील, पण नव्या. त्या सुमारास इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्वतः कार्ट बनवायला लागली होती, कमरेला बांधायचा पट्टा असलेल्या, बटण दाबलं की सुरू होणाऱ्या. त्यांना वर्ग मिळाला. जुन्यांना नाही.

जुन्या म्हणजे किती, तर आमच्या मुलुखात दोन. एक दादाची आणि दुसरी रोह्याजवळच्या वरश्याच्या एका गृहस्थाची. हा गृहस्थ त्याच बंद पडलेल्या कंपनीत ऑपरेटर होता. कंपनीच्या साहेबलोकांच्या क्लबात कधी काळी दोन कार्ट होत्या, कंपनी बंद होताना त्यातली एक भंगारात निघाली, ती ह्याने घरी नेली. दादाचं आणि त्याचं पटायचं नाही. दादा म्हणायचा, त्याला कार्ट येत नाही, तो म्हशीवर बसल्यासारखा बसतो. तो म्हणायचा, पेणचे लोक तोंडाने जास्त चालवतात. तरी महिन्यातून एकदा एकाने दुसऱ्याकडे जायचं ठरलेलं. वडखळला गाडी बदलून दादा रोह्याला जायचा आणि रात्रीच्या जेवणापर्यंत भांडून परत यायचा. त्या दिवशी त्याला भूक चांगली लागायची.

मग दादाची मूत्रपिंडं गेली. मधुमेह होताच, त्याने आतल्या आत काम केलं होतं. आठवड्यातून दोनदा पनवेलला डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताच्या शिरेला शस्त्रक्रिया करून सुया घालायची जागा केली. त्या हाताने काही उचलायचं नाही, दाब द्यायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही. त्या जागेवर हात ठेवला तर आत रक्त घरघरताना कळायचं. दादा मला म्हणाला, "बघ गो, इंजिन चालू हाय." मला हसू आलं नाही. पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं. असा तहानलेला माणूस घरात असला की आपल्याला पाणी पिताना चोरी केल्यासारखं होतं. मी स्वयंपाकघरात पाठ करून प्यायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याने ठरवलं, एकदा ऑटोक्रॉसला उतरायचं आणि वेळ लावून घ्यायची. जिंकायचं वगैरे काही नव्हतं त्याच्या मनात, निदान तो तसं बोलला तरी नाही. "माझ्या नावापुढे एक आकडा पाहिजे," म्हणाला. "कसला का असंना." मी म्हटलं, डॉक्टरांनी हाताला धक्का लागू द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, "डाक्टर काय सांगतो ते मला माहीत हाय. किती दिवस सांगेल ते पण माहीत हाय." मी भांडी घासायला घेतली.

जुन्या कार्टना वर्ग द्यावा की नाही ह्यावर मंडळाची बैठक अध्यक्षांच्या कारखान्यात झाली. दादाच्या सोबतीला म्हणून मी गेले. आजूबाजूला फळ्यांवर न रंगवलेले पांढरे गणपती, डोळे नसलेले, आणि मधे प्लास्टिकच्या खुर्च्या. वरश्याचे गृहस्थही आले होते. खरं सांगते, विरोधकांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. दातांचे डॉक्टर म्हणाले, जुन्या कार्टला पट्टा नाही, ब्रेक फक्त मागे, काही झालं तर जबाबदार कोण? दुसरे म्हणाले, ढकलून सुरू करायची म्हणजे रांग खोळंबते, आणि मधे बंद पडली तर पुन्हा ढकला. तिसरे म्हणाले, टायर दगडासारखे झालेत, नवे मिळत नाहीत. आणि सगळ्यांत पक्का मुद्दा नियमाचा होता. तीन गाड्या असल्याशिवाय वर्ग होत नाही. दोघांच्या वर्गात एक पहिला आणि एक दुसरा, म्हणजे दोघंही चषक घेऊन घरी. त्याला स्पर्धा म्हणतात का?

दादा म्हणाला, "चषक ठेवा तुमच्याकडं. वेळ लावा."

वरश्याचे गृहस्थ म्हणाले, "तीन नाय तर आमाला नव्यांच्यात टाका. हरू आमी. हरायला काय नियम हाय?"

तेव्हा कॉलेजचा एक मुलगा, तो त्यांचा प्रतिनिधी होता, म्हणाला, की जुनं इंजिन आमच्या इंजिनापेक्षा जोराचं असतं, एकत्र धरलं तर आमच्यावर अन्याय होईल. म्हणजे बघा, जुनी म्हणून दुबळी, म्हणून नको, आणि जुनी म्हणून जोरकस, म्हणूनही नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मंडळ हौशी आहे ना तुमचं? मग हौस कोणाची ते कोणी ठरवायचं? ज्याची गाडी तरुण त्याचीच हौस खरी का?" सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले, कारण मी चहा घ्यायला आलेली बाई होते.

अध्यक्षांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नाटक नव्हतं हेच तर वाईट. म्हणाले, "ताई, दादा आमच्या घरचे. त्यांना नाय म्हणायचं पाप आम्ही करणार नाय. वर्ग होत नाय तर नाय. आम्ही दादांना मान देऊ. सगळ्यांच्या आधी नारळ त्यांच्या हातचा, आणि पहिली फेरी त्यांची. मानाची फेरी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे हे असं असतं. गावच्या पालखीला मानाचा खांदा असतो, दहीहंडीला मानाचा थर असतो, कबड्डीच्या सामन्याला म्हाताऱ्या पैलवानाला मानाची पहिली चढाई देतात आणि समोरचे आपणहून बाद होतात. ज्याला खेळात घ्यायचं नसतं त्याला मान द्यायचा. नाही म्हटल्याचं पाप लागत नाही आणि होही म्हणावं लागत नाही. मला वाटलं, दादा खूश झाला. मला वाटलं, फेरी तर फेरी, चालवायला तर मिळेल. परतताना त्याने फक्त विचारलं, "मानाच्या फेरीला घड्याळ असतं काय गो?" मी म्हटलं, "असेल की. का नसावं?"

त्या रविवारी आम्ही टेम्पो केला. वरश्याच्या गृहस्थांनी आपली कार्ट आणली नाही, ढकलायला हात हवेत म्हणून ते नुसते आले. दादाने डाव्या हाताला जाड पंचा गुंडाळला होता, वरून स्वेटर. आदल्याच दिवशी डायलिसिस झालं होतं, चेहरा मेणासारखा. नारळ फोडला. मग अध्यक्षांनी भला मोठा हार आणला आणि तो हेल्मेटवरून दादाच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. तो अडकला, तेव्हा दोघांनी ताणून खाली ओढला. बायकांनी कार्टला ओवाळलं. लाउडस्पीकरवर पेणचे ज्येष्ठ, आदर्श, आदरणीय असं बरंच काही चाललं होतं. कोणीतरी वाटेवर फुलांच्या पाकळ्या टाकल्या. त्या कठीण झालेल्या टायरांखाली पाकळ्या म्हणजे घसरगुंडी, हे सगळ्या मैदानात दोनच माणसांना कळलं. वरश्याचे गृहस्थ धावत जाऊन पायाने पाकळ्या बाजूला सारू लागले, तर लोकांना वाटलं हा माणूस जळतोय.

दादाने गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. ढकलली. इंजिन फुटल्यासारखं ओरडलं, निळा धूर निघाला, आणि तो गेला. सगळ्यांना वाटलं होतं तो हात हलवत हळूहळू जाईल, वरातीतल्यासारखा. तो मान खाली घालून, जीव खाऊन गेला. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी एवढं कळलं की हा माणूस कोणाला दाखवायला चालवत नाहीये. एकही शंकू हलला नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात आला तेव्हा आवाज असा चढला होता की लहान मुलांनी कानावर हात ठेवले.

थांबला. हेल्मेट काढायच्या आधी त्याने घड्याळाच्या टेबलाकडे बघून बोटांनी खूण केली, किती? टेबलाशी कॉलेजची मुलं होती. ती एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक उठून आला आणि फार आदराने म्हणाला, "काका, मानाच्या फेरीला वेळ लावत नाय ना. आम्ही घड्याळ सुरूच नव्हतं केलं. पण भारी चालवलीत."

दादा म्हणाला, "बरं." तेवढंच म्हणाला. मग अध्यक्ष शाल घेऊन आले.

मी पुन्हा एक फेरी मागायला जात होते. त्याने मला धरून थांबवलं. त्याच्याच्याने पुन्हा झालंच नसतं. पंच्यातून रक्त आलं होतं.

परतीच्या टेम्पोत तो पुढे बसला नाही, मागे कार्टपाशी बसला, म्हणून मीही मागे बसले. वडखळच्या नाक्यावर गाडी अडली होती. तिथे तो म्हणाला, "मला ओवाळलं गो त्यांनी. जिता हाय मी अजून." मी त्याला काय सांगणार होते? की त्यांनी प्रेमाने केलं? ते त्यालाही माहीत होतं. वैऱ्याशी भांडता येतं. प्रेमाने हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते आम्हा दोघांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

गणपतीच्या आधी दादा गेला. पनवेलला, सुया लावलेल्या असतानाच. बरोबर नेलेली डब्यातली पेज तशीच परत आणली मी. दिवस झाले, माणसं आली-गेली, आणि घरात मी आणि कार्ट उरलो. पावसाळ्यात कार्टकडे कोणी बघितलं नाही, इंजिन जाम झालं ते झालंच. रोज सकाळी तिच्याजवळून जाताना माझा पाय लागू नये म्हणून मी बघून चालायची.

मार्गशीर्षात अध्यक्ष घरी आले. बरोबर दातांचे डॉक्टर. दादाचा एक चांगला फोटो हवा होता. का, तर मंडळाने एकमताने ठराव केला होता. यंदापासून जुन्या कार्टसाठी स्वतंत्र वर्ग, दादांच्या स्मरणार्थ. स्मृतिचषक. तीनचा नियम ह्या वर्गापुरता शिथिल.

मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. माझ्या तोंडावर आलं होतं, की अहो, जो नियम मेलेल्या माणसासाठी वाकतो तो जिवंत असताना का नाही वाकला? पट्ट्याचं काय झालं? ब्रेकचं काय झालं? रांग आता खोळंबत नाही का? पण अध्यक्षांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. मी फोटो दिला. कंपनीतून निवृत्त होतानाचा होता, त्यात त्याच्या गळ्यात हार होता. मला तो नको होता द्यायला, पण दुसऱ्या सगळ्या फोटोंत त्याच्या कपाळाला आठी होती.

संक्रांतीनंतर मी त्या मैदानावर गेले ती प्रमुख पाहुणी म्हणून. खुर्ची, शाल, श्रीफळ. दादाचा फोटो टेबलावर, उदबत्ती घड्याळाच्या शेजारी. छोट्या गाड्या झाल्या, मोठ्या झाल्या, जीपगाड्या झाल्या, मुलांच्या नव्या कार्ट झाल्या. मग लाउडस्पीकरवर स्मृतिचषकाचा वर्ग पुकारला. वरश्याचे गृहस्थ आपल्या कार्टवर बसून सुरुवातीच्या रेषेवर आले, दोघांनी ढकलत आणलेले. ते एकटेच होते. आधीच सुकलेला माणूस, त्यात हेल्मेट मोठं. खरंच म्हशीवर बसल्यासारखा बसत होता तो. दादा खोटं बोलत नव्हता.

झेंडा मी दाखवायचा होता. अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले. "ताई, एकच आलेत. आता एकट्याची काय स्पर्धा करायची? तीनचा नियम शिथिल केला, पण एक म्हणजे... बरं नाय दिसत. आपण त्यांची मानाची फेरी करून घेऊ. मग चषक त्यांनाच देऊ, तुमच्या हातून."

त्या गृहस्थांना ते ऐकू गेलं होतं की नाही मला माहीत नाही. ते समोर बघत होते. त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

मी झेंडा मांडीवर ठेवला. म्हटलं, "घड्याळ लावा."

"ताई, पण एकाच्या वर्गाला..."

"मग वर्ग नको. सगळ्या गाड्यांच्यात धरा. चषक परत घेऊन जा, फोटो मी घरी नेते. घड्याळ लागल्याशिवाय मी झेंडा उचलणार नाही."

माझा आवाज चढा आहे, लाउडस्पीकरजवळ बसले होते, म्हणून तो सगळ्या मैदानाला ऐकू गेला. एवढी माणसं गप्प झाली की मला क्षणभर माझीच लाज वाटली. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांना मी दुखावलं, आणि मला त्यांना दुखवायचंच होतं, हेही खरं. मग टेबलाशी बसलेल्या मुलांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि मला दाखवलं.

मी झेंडा दाखवला. ढकलली, दोनदा ढकलावी लागली. ते गेले. दादासारखे नाही गेले. वळणांना भलतेच रुंद जात होते, एके ठिकाणी तर चाकं घसरून शंकू पडला, दुसऱ्या ठिकाणी कार्ट जवळजवळ थांबलीच. लोक आधी हसत होते, मग ओरडून त्यांना चढवायला लागले. ते आले, आणि निवेदकाने बिचकत बिचकत वेळ पुकारली. नाव, वेळ, शंकूचा दंड मिळवून एकूण वेळ. मग थोडा थांबून, दिवसातला क्रमांक. शेवटचा. जीपगाड्यांच्याही मागे.

ते हेल्मेट काढून धावत माझ्याकडे आले. तोंडाला काळा धूर, आणि त्यातून दात दिसत होते. "ताई, शेवटचा आलो!" म्हणाले. "ऐकलंत ना? दंड पण लावला मला! फळ्यावर लिहितायत बघा!" आणि माझा हात धरून रडायला लागले. हा माणूस त्याच आवारात अर्धं आयुष्य कामाला होता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, चांगलं चालवलंत. ते खोटं होतं.

मग मी उठून त्यांची कार्ट आणलेल्या टेम्पोच्या मागे गेले, कारण मला कोणासमोर रडायचं नव्हतं. त्या माणसाचा हेवा वाटत होता मला, दादाची बहीण म्हणून, कडकडून. सकाळपासून त्याला बावीस-पंचवीस जणांनी हरवलं होतं. माझ्या भावाला तिथे कोणी हरवलंसुद्धा नाही.